बायपासपूर्वी सांगितला जाणारा 'टक्का' : तो येतो कोठून आणि ऐकावा कसा?

हृदयाची बायपास शस्त्रक्रिया निश्चित झाली की शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधी डॉक्टर नातेवाइकांना बाजूला बोलावतात आणि धोका किती आहे ते सांगतात. कोणाला 'दोन टक्के' असे सांगितले जाते, कोणाला 'पाच टक्के', तर एखाद्या कुटुंबाला 'दहा-बारा टक्के धरून चला' असेही ऐकावे लागते. हे संभाषण बहुधा पाच-दहा मिनिटांत आटोपते, संमतिपत्रावर सह्या होतात आणि तो आकडा भ्रमणध्वनीवरून गावाकडे निघतो. गावी पोहोचेपर्यंत त्याचे रूप पालटलेले असते. 'पाच टक्के धोका' याचे 'डॉक्टरांनी गॅरंटी दिली नाही' असे होते आणि 'दहा टक्के' याचे 'डॉक्टरांनी हात टेकले' असे होते. रुग्णभेटीच्या निमित्ताने हा आकडा आम्ही अनेक कुटुंबांच्या तोंडून ऐकला आहे. तो कोठून आला, कशावरून काढला, असे विचारणारे मात्र आम्हांला क्वचितच भेटले. सदर लेखाचा हेतू एवढाच की, हा आकडा कसा तयार होतो आणि त्याचा अर्थ काय घ्यावा, हे वाचकांस ठाऊक असावे.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर श्रीगोंदा तालुक्यातील काष्टीसारखी गावे आहेत. दौंड-मनमाड लोहमार्गावरील हे गाव ऊस आणि लिंबाच्या बागांच्या मुलखात वसलेले असून शनिवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारासाठी ते दूरवर प्रसिद्ध आहे. अशा गावातील रुग्णाला बायपाससाठी पुण्यास किंवा अहिल्यानगरास जावे लागते. म्हणजे निर्णय घ्यायचा तो परक्या शहरात, अनोळखी डॉक्टरांसमोर आणि बहुधा घाईत.

तथापि धोका जोखण्याचे शास्त्र काष्टीकरांना अगदीच नवे आहे असे नाही. बाजारात बैल पाहायला आलेला जाणता शेतकरी काय करतो? तो प्रथम बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की पुरता जुळलेला आहे, यावरून वयाचा अंदाज बांधतो. मग खूर पाहतो, डोळे पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो आणि शेवटी बैलाला चार पावले चालवून पाहतो. यांतले कोणतेही एक लक्षण त्याला पुरेसे वाटत नाही. सगळी मिळून त्याच्या मनात एक बेरीज होते आणि त्या बेरजेवर तो सौदा करतो. माणसाची बैलाशी तुलना केली म्हणून कोणी रागावू नये. शल्यविशारदांनी गेल्या तीन-चार दशकांत जी पद्धत उभी केली तिचा सांगाडा हाच आहे. फरक इतकाच की त्यांनी ही बेरीज मनात न ठेवता कागदावर मांडली आणि हजारो रुग्णांच्या नोंदींवर ती पडताळून पाहिली.

बायपास म्हणजे काय, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या चरबीच्या थरांमुळे अरुंद झाल्या वा बंद पडल्या की, पायातील नीला किंवा छातीच्या आतील बाजूची धमनी वापरून अडथळ्याच्या पलीकडे रक्तासाठी नवी वाट काढून दिली जाते. अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये पायातील नीलेचा उपयोग करून ही शस्त्रक्रिया केली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. भारतातील पहिली बायपास १९७५ साली चेन्नईतील पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. त्या काळी ही शस्त्रक्रिया बातमीचा विषय होती. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होते.

शस्त्रक्रिया नित्याची झाली तसा एक प्रश्न पुढे आला. एका रुग्णालयात शंभरांतील दोन रुग्ण दगावतात आणि दुसऱ्यात पाच, तर पहिले रुग्णालय चांगले म्हणायचे का? लगेच होकार देणे चूक ठरेल. कदाचित दुसऱ्या रुग्णालयात अधिक वृद्ध, अधिक जर्जर, मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण येत असतील. मग तुलना करायची तर आधी रुग्ण किती कठीण होता हे मोजायला हवे. १९८९ साली अमेरिकेत व्हिक्टर पार्सोनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी एक गुणपद्धती प्रसिद्ध केली. दहा वर्षांनी, १९९९ साली युरोपात 'युरोस्कोअर' नावाची पद्धत आली आणि तिने साऱ्या जगात मूळ धरले. भारतातील अनेक हृदयशल्य विभागांत आजही तिचीच सुधारलेली आवृत्ती वापरली जाते. म्हणून तिच्याकडे जरा निवांतपणे पाहू.

इंग्लंडमधील पॅपवर्थ रुग्णालयाचे शल्यविशारद सेमर नाशेफ, फ्रान्सचे फ्रान्स्वा रोक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ सालच्या अखेरच्या महिन्यांत युरोपातील आठ देशांच्या १२८ रुग्णालयांतून हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १९,०३० रुग्णांची माहिती गोळा केली. प्रत्येक रुग्णाविषयी तब्बल ९७ बाबी नोंदविल्या होत्या. त्यांतून गणिताच्या चाळणीने, ज्यांचा मृत्यूशी खरोखर संबंध दिसतो अशा १७ बाबी उरल्या. प्रत्येकीला गुण दिले गेले आणि त्यांची बेरीज म्हणजे रुग्णाचा गुणांक. हे गुण परीक्षेतल्यासारखे नव्हेत, येथे जितके जास्त तितके वाईट.

वयाच्या साठीनंतर दर पाच वर्षांना किंवा त्यांच्या भागाला एक गुण. स्त्री असल्यास एक. फुप्फुसांचा जुनाट विकार असल्यास एक. पायांच्या किंवा मानेच्या रक्तवाहिन्यांतही अडथळे असल्यास दोन. रक्तातील क्रिएटिनिन फार वाढलेले असल्यास, म्हणजे आपल्याकडील अहवालांच्या भाषेत सुमारे २.३ च्या वर गेल्यास, दोन. गेल्या ९० दिवसांत हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास दोन. हृदयाची आकुंचनशक्ती, जिला रुग्णालयात सर्वजण 'पंपिंग' म्हणतात, ती ३० ते ५० टक्के असल्यास एक आणि ३० च्या खाली गेल्यास तीन. हृदयावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असल्यास तीन. तातडीची शस्त्रक्रिया असल्यास दोन. रुग्ण आधीच कृत्रिम श्वासयंत्रावर असेल किंवा औषधांनी रक्तदाब टिकवून धरला असेल तर तीन. उरलेल्या बाबी येथे देत नाही. त्यांतील काही झडपांच्या व महारोहिणीच्या शस्त्रक्रियांशी संबंधित आहेत.

बेरीज शून्य ते दोन आली तर रुग्ण कमी धोक्याचा, तीन ते पाच आली तर मध्यम आणि सहा किंवा अधिक आली तर जास्त धोक्याचा समजला जाई. १९९९ च्या त्या पाहणीत कमी धोक्याच्या गटातील ०.८ टक्के, मध्यम गटातील ३ टक्के आणि जास्त धोक्याच्या गटातील ११.२ टक्के रुग्ण दगावले होते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. काष्टीचे ६८ वर्षांचे एक शेतकरी आहेत असे समजू. दोन महिन्यांपूर्वी त्यांना झटका येऊन गेला आहे आणि पंपिंग ४० टक्के आहे. वयाचे दोन, झटक्याचे दोन आणि पंपिंगचा एक, असे पाच गुण झाले. म्हणजे मध्यम धोका. अँजिओग्राफीत तीन वाहिन्या बंद दिसल्या आणि डॉक्टरांनी बायपास सुचविली. घरी येऊन विचार सुरू झाला. कोणी म्हणाले, उसाचे बिल येऊ द्या. कोणी म्हणाले, धाकटीचे लग्न उरकू द्या. कोणी एका काढ्याचे नाव सांगितले. अशात एका रात्री छातीत पुन्हा कळ आली आणि ती थांबेना. रुग्णवाहिकेतून पुण्यास नेले, वाटेत रक्तदाब कोसळला, अतिदक्षता विभागात शिरेतून औषधे सुरू केली आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया करावी लागली. आता पूर्वीच्या पाचांत न शमणाऱ्या वेदनेचे दोन, खालावलेल्या अवस्थेचे तीन आणि तातडीचे दोन मिळवावे लागतात. बेरीज बारा होते. माणूस तोच आणि अडथळेही तेच. वाढलेले सातही गुण विलंबाचे आहेत.

आमच्या मते साऱ्या तक्त्यात सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. वय कोणाच्या हातात नाही. झटका येऊन गेला तोही परत घेता येत नाही. पण शस्त्रक्रिया ठरवून, सवडीने, रुग्ण चालता-बोलता असताना करायची की मध्यरात्री जीव घशाशी आल्यावर, हे पुष्कळ अंशी आपल्या हातात असते. अर्थात प्रत्येक रुग्णाने धावत सुटावे असा याचा अर्थ नव्हे. मोठ्या झटक्यानंतर काही दिवस थांबणेच हिताचे, असे डॉक्टर काही वेळा सांगतात. तो थांबा वैद्यकीय हिशेबाने ठरलेला असतो, लग्नाच्या मुहूर्तावरून नव्हे.

स्त्री असण्याला एक गुण का, असा प्रश्न भगिनींनी विचारावा आणि तो रास्त आहे. स्त्रियांच्या रक्तवाहिन्या सामान्यतः बारीक असतात, त्यामुळे जोडकाम अधिक नाजूक होते, हे एक कारण सांगितले जाते. दुसरे असे की स्त्रिया शस्त्रक्रियेला अनेकदा उशिरा आणि अधिक आजारी अवस्थेत पोहोचतात. आपल्या घरांतील अनुभव काय सांगतो? वडिलांच्या छातीत दुखले की गाडी काढली जाते आणि आईच्या दुखले की ओवा दिला जातो. या एका गुणात थोडी निसर्गाची आणि थोडी आपली, अशी दोन्ही कारणे मिसळलेली असावीत.

तंबाखू आणि धूम्रपान यांना मात्र त्या तक्त्यात थेट एकही गुण नाही, हे वाचून कोणी खूश होऊ नये. विडीने जी फुप्फुसे बिघडतात, पायांच्या ज्या वाहिन्या बंद होतात, त्यांचे गुण त्यांच्या त्यांच्या नावावर पडतातच. मधुमेहाची गोष्ट याहून बोलकी आहे. १९९९ च्या युरोपीय तक्त्यात मधुमेहाला स्थानच नव्हते. आपल्याकडे बायपास होणाऱ्यांत मधुमेहींची संख्या मोठी आहे, हे कोणत्याही हृदयशल्य विभागात तासभर बसले तरी कळते. म्हणजे युरोपच्या मापाने शिवलेला अंगरखा आपल्या अंगाला जसाच्या तसा बसेल असे गृहीत धरता येत नाही.

काळही बदलत गेला. भूलशास्त्र सुधारले, अतिदक्षता सुधारली आणि १९९५ च्या रुग्णांवर बेतलेला तक्ता धोका फुगवून सांगू लागला. म्हणून २०१० साली ४३ देशांतील १५४ रुग्णालयांतून २२,३८१ रुग्णांची माहिती नव्याने जमवण्यात आली. त्या रुग्णांपैकी प्रत्यक्षात ३.९ टक्के दगावले. जुन्या बेरजेच्या तक्त्याने ५.८ टक्के सांगितले असते आणि त्याच जुन्या माहितीवर बेतलेल्या, अधिक किचकट गणिताच्या २००३ च्या पद्धतीने ७.५ टक्क्यांहून अधिक. २०१२ साली 'युरोस्कोअर २' प्रसिद्ध झाला तो या नव्या माहितीवर. त्यात इन्सुलिनवर असलेल्या मधुमेहाची नोंद आली. मूत्रपिंडांचे काम अधिक बारकाईने मोजले गेले. सांधे वा मज्जातंतू यांच्या विकाराने रुग्णाच्या हालचालीवर मर्यादा आली आहे का, हेही विचारले गेले. आता बोटांवर बेरीज करता येत नाही, संगणक टक्केवारी काढून देतो. अमेरिकेतील वक्षशल्य विशारदांच्या संघटनेचे गणकयंत्रही असेच काम करते आणि ते केवळ मृत्यूचा धोका सांगून थांबत नाही. पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, श्वासयंत्रावर दीर्घकाळ राहावे लागणे, छातीच्या हाडाच्या जखमेत खोलवर पू होणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, यांचेही वेगवेगळे अंदाज ते देते. 'पाच टक्के' म्हणजे नेमके कशाचे पाच टक्के, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. रुग्ण जगेल का, हा एक प्रश्न. स्वतःच्या पायांनी शेताच्या बांधापर्यंत जाईल का, हा दुसरा.

आता मुख्य अडचणीकडे वळू. हा टक्का एका माणसाचा नसतो. तो त्याच्यासारख्या अनेकांचा मिळून असतो. लिंबाची शंभर रोपे लावली तर अनुभवी बागाईतदार सांगतो, यांतली पाच-सहा लागणार नाहीत. हंगामाअखेर मोजले तर त्याचा अंदाज बहुधा खरा ठरतो. पण 'कोणती पाच?' असे विचारले तर तो हसतो. धोक्याचे तक्ते असेच आहेत. गटाची गोळाबेरीज बरोबर येणे ही एक कसोटी आणि गटातील नेमका कोण धोक्यात आहे हे ओळखता येणे ही दुसरी. दोन्हींत एकच तक्ता उत्तीर्ण होईल असे नाही. २०१३ साली भारतातील हृदय-भूलतज्ज्ञांच्या नियतकालिकात सुमारे पाचशे भारतीय रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात युरोस्कोअर २ आणि अमेरिकी पद्धत दोन्ही तपासून पाहिल्या होत्या. निष्कर्ष असा की दोन्ही पद्धतींची एकूण गोळाबेरीज आपल्या रुग्णांत समाधानकारक जुळते, परंतु वाचणारा कोण आणि दगावणारा कोण हे वेगळे करून दाखविण्यात त्या दुबळ्या पडतात. एका अभ्यासावर फार मोठी इमारत उभारू नये हे खरे. तरीही, टक्का ऐकून आपल्या माणसाचे भविष्य कळले असे समजणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

याचे साऱ्या देशाने पाहिलेले एक उदाहरण आहे. २४ जानेवारी २००९ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बायपास झाली. शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाचे नेतृत्व मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांनी केले. पंतप्रधानांचे वय तेव्हा ७६ होते आणि ही त्यांची दुसरी बायपास होती. पहिली १९९० साली ब्रिटनमध्ये झाली होती. जुन्या तक्त्याने मोजले तर केवळ वयाचे चार आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे तीन मिळून सात गुण होतात, म्हणजे जास्त धोक्याचा गट. त्यांना मधुमेहही होता, पण त्याला त्या तक्त्यात गुण नव्हता. ते बरे झाले, मे महिन्यात पुन्हा पंतप्रधान झाले आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले. म्हणजे त्या शस्त्रक्रियेनंतर ते जवळजवळ सोळा वर्षे जगले.

यावरून तक्ता खोटा ठरला असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. जास्त धोक्याच्या गटात शंभरांतील अकरा दगावले होते, याचाच अर्थ एकोणनव्वद वाचले होते. 'जास्त धोका' हे शब्द ऐकताच आपण त्या अकरांतच आपल्या माणसाला बसवतो. उलट कमी धोक्याच्या गटातही हजारांतील आठ दगावतात आणि ज्या घरावर ते संकट कोसळते त्या घराला 'डॉक्टर तर काही धोका नाही म्हणाले होते' असे वाटत राहते. डॉक्टर तसे म्हणालेले नसतात. आपल्याला तसे ऐकू आलेले असते.

तक्त्यात न मावणाऱ्या गोष्टींपैकी एक तर काष्टीच्या बाजारातल्या चार पावलांची आठवण करून देणारी आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर अमेरिकेतील चार रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रियेस आलेल्या सत्तरी ओलांडलेल्या १३१ रुग्णांना पाच मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला सांगितले गेले. ज्यांना सहा सेकंद किंवा अधिक वेळ लागला त्यांच्यात मृत्यू अथवा गंभीर गुंतागुंत होण्याचे प्रमाण पुष्कळ अधिक आढळले. नेहमीच्या तक्त्यांतून जे निसटत होते ते या साध्या चालण्याने पकडले. रक्ताचे अहवाल चांगले आहेत, पंपिंग चांगले आहे, पण माणूस आतून झिजलेला आहे, ही गोष्ट त्याची चाल सांगते. जुने वैद्य रुग्ण दारातून आत येतानाच त्याच्याकडे बघत, ते उगाच नव्हे.

चालीचे हे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. ती काही अंशी सुधारता येते. शस्त्रक्रिया दोन-तीन आठवडे पुढची असेल आणि डॉक्टरांची अनुमती असेल, तर मिळालेला हा काळ वाया घालवू नये. विडी-सिगारेट त्या दिवसापासून बंद, तंबाखू आणि मिश्रीही बंद. साखर आटोक्यात आणणे, कारण वाढलेल्या साखरेत छातीची जखम चिघळते. अंगात रक्त कमी असेल तर त्याचा शोध घेणे. दातांत पू असेल तर त्यावर उपचार करून घेणे. श्वास ओढून प्लास्टिकचे तीन चेंडू वर उचलण्याचे जे छोटे यंत्र देतात त्याचा सराव आधीपासून करणे. शस्त्रक्रियेनंतर छाती दुखत असताना तो सराव प्रथमच शिकणे फार अवघड जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र कोणीही आपल्या मनाने थांबवू नयेत. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे डॉक्टरच ठरवतील.

या तक्त्यांचा दुरुपयोगही होऊ शकतो. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्याने १९८९ पासून बायपासच्या सर्व रुग्णांची नोंद घेऊन, धोक्याचा हिशेब लावून, रुग्णालयांचे निकाल जाहीर करण्यास प्रारंभ केला. एका वृत्तपत्राने न्यायालयात धाव घेतल्यावर १९९१ साली शल्यविशारदांचेही निकाल प्रसिद्ध झाले. १९८९ ते १९९२ या काळात राज्यातील मृत्यूचे प्रमाण, धोक्याचा हिशेब लावून, ४.१७ टक्क्यांवरून २.४५ टक्क्यांवर आले, ही मोठीच गोष्ट. पण त्याबरोबर एक शंकाही उभी राहिली. निकाल बिघडू नये म्हणून शल्यविशारद अतिगंभीर रुग्णांना नकार देऊ लागले काय? त्यावर तेथे बराच वाद झाला. आपल्याकडे रुग्णालयांनी असे निकाल जाहीर करण्याची सक्ती नाही. असावी असे आम्हांला वाटते, मात्र धोक्याचा हिशेब लावूनच. नुसते आकडे टांगले तर जर्जर, गरीब आणि उशिरा आलेला रुग्णच प्रथम दाराबाहेर राहील.

एक गोष्ट आम्हांला विशेष खटकते. टक्का सांगितला जातो तो मुलांना, जावयाला, कधी गावच्या पुढाऱ्याला. खाटेवरील माणसाला 'काही नाही, किरकोळ आहे' असे सांगून शस्त्रक्रियागृहात नेले जाते. यामागे प्रेम असते हे आम्ही जाणतो. परंतु छाती त्याची उघडली जाणार असते आणि जो धोका पत्करायचा तोही त्याचाच असतो. रुग्ण शुद्धीवर आणि समर्थ असेल तर उपचाराचा निर्णय त्याचा स्वतःचा असावा, हीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि वैद्यकीय नीतीही तेच सांगते. पंचाहत्तरीच्या एखाद्या आजोबांना बारा टक्के धोका पत्करून वेदनारहित पाच वर्षे हवी असतील, तर दुसऱ्या कोणाला औषधांवर घरीच राहणे पसंत पडेल. दोघांचाही विचार आदरास पात्र आहे, पण तो त्यांना आकडा कळल्याशिवाय करताच येणार नाही. रुग्णाभ्यंग संस्काराविषयीही असेच घडते. 'फादरांना बोलावले तर बाबा घाबरतील' म्हणून पुष्कळ कुटुंबे शस्त्रक्रियेपूर्वी बोलावत नाहीत. हा संस्कार आजाऱ्याला बळ मिळावे म्हणून आहे, मरणाची सूचना म्हणून नव्हे. आणि बाबांना बहुधा सारे आधीच समजलेले असते.

डॉक्टरांकडे जाताना वाचकांनी काय विचारावे? आमच्या मते इतके पुरे. हा टक्का कोणत्या पद्धतीने काढला आहे? तो मृत्यूचा आहे की इतर गुंतागुंतीचाही त्यात समावेश आहे? आमच्या रुग्णाच्या बाबतीत तो कशामुळे वाढला आहे आणि त्यांतले काही दोन आठवड्यांत सुधारता येईल का? शस्त्रक्रिया केलीच नाही तर एका वर्षात धोका किती? हा शेवटचा प्रश्न फार थोडे विचारतात, वास्तविक तोच आधी विचारायला हवा. शस्त्रक्रियेचा पाच टक्के धोका मोठा की लहान, हे शस्त्रक्रिया न करण्याच्या धोक्याशेजारी ठेवूनच कळते. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. ते घाईत असतील तर पुन्हा वेळ मागावी.

पैशाअभावी होणारा विलंब हा काष्टीसारख्या गावांतील जुना दुखणेकरी प्रश्न आहे, म्हणून त्याविषयी थोडे. राज्य शासनाने १९९७ साली जीवनदायी योजना सुरू केली होती. २०१२ साली तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली आणि २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. योजनेत सहभागी झालेल्या रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया तिच्याखाली होते. विम्याची मर्यादा पूर्वी दर कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपये होती, ती वाढवून पाच लाख करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. अशा रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा कर्मचारी असतो. दवाखान्याच्या दारात शिरल्यावर प्रथम त्याला गाठावे. जवळ शिधापत्रिका, आधारपत्र आणि अँजिओग्राफीची तबकडी असावी. हृदयाच्या सोनोग्राफीचा, म्हणजे 'टू-डी इको'चा, कागद आणि अलीकडचा क्रिएटिनिनचा अहवाल यांच्या दोन-दोन प्रती काढून ठेवाव्यात. एक प्रत योजनेच्या मंजुरीसाठी लागते. दुसरी, टक्का जेथे काढला जातो त्या टेबलावर.